मध्यरात्रीचं गाणं आणि सकाळचा हट्ट

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत सध्या एक औषध फार खपतं. मन अस्वस्थ आहे? आभार माना. नोकरी गेली? आभार माना. तपासणीत गाठ निघाली? तिच्याबद्दलही आभार माना, कारण प्रभूची काहीतरी योजना असणारच. एवढं करूनही रात्री झोप येत नसेल तर दोष औषधाचा नाही, घेणाऱ्याचा. तुमचा विश्वास तोकडा, तुमची उपकारस्तुती वरवरची. दिल्लीत आणि आसपासच्या नोएडा, गुरुग्राम, फरिदाबादकडच्या मंडळ्यांत हे मी हिंदीत ऐकतो, इंग्रजीत ऐकतो आणि सुट्टीला नगरकडे गेलो की मराठीतही ऐकतो.

आभाराच्या प्रार्थनेने शांती मिळते याबद्दल माझं भांडण नाही. मिळते. ज्यांना ती मिळालेली मी पाहिली आहे त्यांच्यासमोर शंका काढायची माझी छाती नाही. भांडण आहे ते त्या शांतीसाठी जी किंमत मागितली जाते तिच्याशी. तक्रार गिळा, रडू आवरा, जाब विचारू नका, हसतमुखाने 'धन्यवाद प्रभू' म्हणा. ही किंमत पवित्र शास्त्राने मागितलेली नाही. ती आपण लावली आहे, आणि ज्यांच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही त्यांच्याकडूनच ती वसूल होते.

गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींत हल्ली कर्मचाऱ्यांना 'ग्रॅटिट्यूड जर्नल' लिहायला सांगतात. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा, ताण उतरेल. उतरतही असेल. त्या वहीत आभार कोणाचेच नसतात, म्हणून तिचा मला फारसा राग येत नाही. व्यासपीठावरून होणाऱ्या उपदेशाचा येतो. तिथे आभार घेणारा आहे, पण त्याचं रूप असं करून ठेवलंय की तो आभाराच्या टिपा बघून खूश होणारा आणि गाऱ्हाण्याचा कागद पुढे केला की कपाळाला आठ्या घालणारा साहेब वाटावा. अशा साहेबाची भीती वाटते. त्याच्या दारात शांती कोणाला मिळणार?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणीचा सण येतो. दिल्लीत शेत कोणाचंच नसतं, पण वेदीपुढचं टेबल भरतं. आझादपूर मंडईतला फ्लॉवर, पेरू, बासमतीची पिशवी, कोणीतरी घरी भाजलेला केक, गावाकडून आलेला कोहळा. उपासनेनंतर लिलाव होतो आणि चाळीस रुपयांच्या फ्लॉवरला पाचशेची बोली लागते, कारण पैसा मंडळीचा. सगळे हसतात, पोरं नाचतात, मलाही तो सोहळा मनापासून आवडतो. त्याच दिवशी साक्ष देण्याची वेळही असते. इकडे तिला गवाही म्हणतात. कोण उठतं? ज्याला कॅनडाचा व्हिसा मिळाला तो. ज्याच्या बिल्डरने अखेर ग्रेटर नोएडातल्या फ्लॅटच्या चाव्या दिल्या तो. जिच्या मुलाला मेडिकलला सीट मिळाली ती. मागच्या बाकांवर काही माणसं बसूनच राहतात. त्यांना कोणी 'उठू नका' म्हटलेलं नसतं. पण त्यांच्यापाशी जे आहे ते त्या वेळेत बसत नाही, हे त्यांना न सांगता कळतं.

2021 च्या एप्रिल-मेमध्ये ही दिल्ली प्राणवायूसाठी धावत होती. रोहिणीच्या जयपूर गोल्डन रुग्णालयात एका रात्रीत वीसएक रुग्ण गेले. 1 मे रोजी बात्रा रुग्णालयात बारा जण गेले, त्यांत तिथलेच एक डॉक्टर होते. ज्यांना सिलिंडर मिळाला त्यांनी पुढे देवळात उभं राहून म्हटलं, प्रभूने आम्हांला वाचवलं. खरंच वाचले होते. त्यांनी आभार मानले यात गैर काहीच नाही. पण पहिल्या बाकावरून सुटलेलं ते वाक्य पाचव्या बाकावर कुठे जाऊन लागतं याचा विचार साक्षीची सभा चालवणाऱ्यांनी करायचा, की नाही? ज्याचा सिलिंडर वाटेत संपला त्याच्याकडे देवाचं लक्ष नव्हतं का? हा प्रश्न विचारणाऱ्याला 'विश्वासात कमी' ठरवून मोकळं होणं सोपं आहे. बहुतेक वेळा आपण तेवढंच करतो.

माझ्या विरोधकांचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे पौल. त्यानेच लिहिलंय की कशाचीही चिंता करू नका, प्रत्येक गोष्टीत आभारासह आपली मागणी देवाला कळवा, म्हणजे देवाची शांती तुमचं रक्षण करील. कबूल. मग पौलाकडेच जाऊ, पण त्या एका वचनाची पट्टी कॅलेंडरवरून कापून न घेता.

ते फिलिप्पैकरांस पत्र लिहिलंय कैदेतून. आभाराच्या बरोबर त्यात मागणी आहे. मागणी काढून टाका असं तो कुठेच म्हणत नाही. आणि ज्या पत्रात तो चिंता करू नका म्हणतो, त्याच पत्रात दोन पानं आधी एपफ्रदीताची हकीकत येते. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाच्या मदतीला पाठवलेला हा माणूस मरणाच्या दारात गेला होता. तो वाचला म्हणून मला दुःखावर दुःख झालं नाही, त्याला परत पाठवतोय म्हणजे माझं ओझं थोडं हलकं होईल, अशा अर्थाचं पौल तिथे सरळ लिहितो. म्हणजे मित्र गेला असता तर तो कोसळला असता आणि 'प्रभूची योजना' म्हणून हसला नसता. चिंता करू नका म्हणणाऱ्याला चिंता होती, ती त्याने लपवली नाही, आणि ते पत्र शास्त्रात राहिलं. कोणी त्याचा विश्वास मोजायला बसलं नाही.

शांती रक्षण करील हे तो ज्यांना लिहितोय त्यांची वस्तीही बघा. फिलिप्पै ही रोमी वसाहत, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली. पहाऱ्यावरचा शिपाई तिथल्या पोराटोरांनाही माहीत. आणि पौल स्वतः पहाऱ्यात. अशा ठिकाणी शांतीला पहारेकरी म्हणणं म्हणजे धोका टळला असं म्हणणं नव्हे. धोका दाराबाहेर उभाच आहे, म्हणून तर पहारा. (दिल्लीतल्या मोठ्या चर्चच्या फाटकांवर नाताळात मेटल डिटेक्टर लागतात आणि आत आम्ही पृथ्वीवर शांतीची गाणी म्हणतो. पौलाला यात विसंगती वाटली नसती.)

पण त्याच फिलिप्पैतली खरी हकीकत 'प्रेषितांची कृत्ये'च्या सोळाव्या अध्यायात आहे, आणि आश्चर्य असं की तिचा अर्धाच भाग व्यासपीठावर चढतो. भविष्य सांगून मालकांना पैसा मिळवून देणारी एक दासी. तिच्यातला आत्मा पौल काढतो, मालकांचा धंदा बसतो. ते पौल आणि त्याचा सोबती सीला यांना ओढत अधिकाऱ्यांपुढे नेतात. चौकशी नाही, बाजू मांडू देणं नाही. कपडे फाडून छड्यांनी झोडपतात आणि आतल्या कोठडीत खोड्यात पाय अडकवून टाकतात. मध्यरात्री दोघे प्रार्थना करतात, देवाची स्तुती गातात, बाकीचे कैदी ऐकत असतात. मग भूकंप, दारं उघडतात, बंदिशाळेचा नायक तलवार उपसतो, पौल त्याला थांबवतो. उपदेश इथे संपतो. बघा, छड्या खाऊनही गायले, तुम्ही पगारवाढ नाही मिळाली म्हणून तोंड पाडता. आमेन.

सकाळी काय झालं ते कोण सांगणार? सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, या माणसांना सोडून द्या. दार उघडं, जखमा धुतलेल्या, रात्री नायकाच्या घरी जेवणही झालेलं. आभार मानून निघून जायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. पौल म्हणाला, नाही. आम्ही रोमी नागरिक. न्याय न करता आम्हांला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप बाहेर काढता? ते चालायचं नाही, त्यांनी स्वतः यावं. आणि ते आले. घाबरले, विनवण्या केल्या, स्वतः बाहेर आणून सोडलं.

मध्यरात्री गाणारा आणि सकाळी हट्टाला पेटलेला, दोघे एकच. रात्रीच्या गाण्याने त्याचा सकाळचा कणा ताठ केला असं मला वाटतं. निदान मोडला तरी नाही. ज्या उपकारस्तुतीतून माणूस सकाळी मान खाली घालून मागच्या दाराने निघून जातो, ती पौलाची नव्हे.

लूकच्या शुभवर्तमानातले सतरा-अठरा हे अध्याय सलग वाचा म्हणजे आणखी गंमत कळेल. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकटा शोमरोनी परतला. यावर उपदेश कापणीच्या सणाला हमखास. पण उरलेल्या नऊ जणांचं बरेपण येशूने परत घेतलं असं लूक कुठेही म्हणत नाही. आभार ही फी नाही. पुढच्याच अध्यायात एक विधवा. अन्यायी न्यायाधीशाच्या दारात ती पुन्हा पुन्हा जाते, माझा न्याय कर म्हणते, त्याला सळो की पळो करून सोडते. प्रार्थना कशी करावी याचा नमुना म्हणून येशू तिला पुढे करतो. तीस हजारी कोर्टाच्या आवारात तारखेवर तारीख घेऊन बसलेल्या बाईला हा दाखला समजावून सांगावा लागणार नाही. आणि तिच्या लगेच पाठोपाठ मंदिरात गेलेले दोघे, परूशी आणि जकातदार. या दोघांत आभाराची प्रार्थना कोणाची? परूशाची. देवा, मी तुझे आभार मानतो, मी इतरांसारखा नाही. नाकारली जाते ती हीच. आभाराच्या शब्दांत स्वतःची यशोगाथा सांगता येते हे येशूला ठाऊक होतं. कॅनडाच्या व्हिसाची प्रत्येक साक्ष परूशाची असते असं मला म्हणायचं नाही. पण साक्षीच्या सभेत हा दाखला वाचलेला मी कधी ऐकला नाही.

दिल्लीत आभारातून उभी राहिलेली सगळ्यांत देखणी इमारत म्हणजे काश्मिरी गेटचं सेंट जेम्स चर्च. ते बांधणारा जेम्स स्किनर हा बाप स्कॉटिश आणि आई राजपूत असलेला सैनिक, तरुणपणी शिंद्यांच्या फौजेत. म्हणजे आपलाच माणूस म्हणायला हरकत नाही. 1800 साली उनियाराच्या लढाईत गोळी लागून तो रणांगणात पडला. जगलो तर चर्च बांधीन, असा त्याने नवस केला. 1836 साली चर्च झालं, आणि आज तो तिथेच पुरलेला आहे. मराठी वाचकाला ही गोष्ट लगेच कळते: नवस बोलला, नवस फेडला. आपल्या उपकारस्तुतीचा मोठा भाग असाच असतो, देवाशी हिशेब चुकता केल्याचा. त्याला मी हसणार नाही, दुखण्याच्या रात्री माणूस जे सुचेल ते बोलतो.

पण स्किनरच्या आठवणींत त्याच रणांगणावरचा एक प्रसंग आहे आणि तो मला घुमटाहून मोठा वाटतो. जखमी तहानेने तडफडत असताना एक चांभार म्हातारा आणि एक बाई टोपलीत भाकरी आणि मडक्यात पाणी घेऊन आली. जोंधळ्याचीच भाकरी. त्यांनी प्रत्येकाला तुकडा आणि घोट दिला. स्किनरने घेतलं. जवळच पडलेल्या राजपूत सुभेदाराने मात्र चांभारणीच्या हातचं पाणी नाकारलं. थोड्या तासांचा प्रश्न, त्यासाठी धर्म कशाला बाटवू, असं त्याचं म्हणणं. बरा झाल्यावर स्किनरने त्या बाईला पैसे पाठवले. आभार म्हणजे आधी कोणाच्या तरी हातचं घेणं, हे इथे उघड्यावर घडतं. देव आकाशातून पाणी देत नाही, मडकं घेऊन कोणीतरी येतं. त्या हाताचं नाव न घेता, त्या हाताची जात आणि मजुरी न विचारता 'प्रभूने पुरवलं' म्हणून डोळे मिटणारी प्रार्थना मला सुभेदाराच्या जवळची वाटते.

इथे माझे विवेकवादी आणि आंबेडकरवादी मित्र मध्ये बोलतील. म्हणतील, तू तुझ्या पाळकांशी भांडतोस, पण मुळात आभाराची प्रार्थना ही गरिबाला निजवणारी अफूच आहे. मिळालं त्यात समाधान मान, वर बघून हात जोड. हा आरोप मी गंभीरपणे घेतो, कारण वर वर्णन केलेली शिकवण तो खरा करून दाखवते. पण या समाजाचा इतिहास बघा. उत्तर भारतातल्या आणि आमच्या नगर-जालन्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य माणसं पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतली. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली तो शिखांना मिळाला, 1990 साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना नाही. दर रविवारी उपकारस्तुती करणारी हीच माणसं वर्षानुवर्षं 10 ऑगस्टला काळा दिवस पाळतात, जंतरमंतरवर बसतात. 2004 साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 2022 च्या ऑक्टोबरात केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. अफू घेतलेली माणसं इतकी वर्षं अर्ज करत नाहीत.

1 डिसेंबर 2014 रोजी दिलशाद गार्डनचं सेंट सेबॅस्टियन चर्च जळालं. दुसऱ्याच दिवशी माणसं पोलीस मुख्यालयाबाहेर जमली. पुढच्या फेब्रुवारीत वसंत कुंजच्या सेंट अल्फोन्सा चर्चची नासधूस झाली आणि 5 तारखेला गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलबाहेर निदर्शकांना पोलिसांनी उचलून गाड्यांत घातलं. त्यांत पाद्री होते, धर्मभगिनी होत्या. आधी प्रार्थना, मग घोषणा. 'क्षमा करा आणि गप्प राहा' असा सल्ला तेव्हाही काही जणांनी दिला होता. क्षमा त्यांनी केलीच असेल. गप्प राहिले नाहीत. फिलिप्पैची ती सकाळ दिल्लीत मला अशी दिसते.

आणि मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे कोणी बाहेरून शिकवायला नको होतं. रेव्हरंड टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. तुकोबांची देवाशी भांडणं, नामदेवाचा रुसवा, जनाईच्या शिव्या, हे सगळं त्या पुलावरून बरोबर आलं. ज्याच्याशी भांडता येतं त्याच्याच गळ्यात पडता येतं, हे आपल्या भक्तीला मुळातच कळलेलं. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' बघा. दारिद्र्य, ताटातूट, नवऱ्याची विक्षिप्त उदारता, कशालाच त्या 'आशीर्वाद' म्हणत नाहीत. जे होतं ते होतं तसं सांगतात, वर हसतात, आणि त्यांची कृतज्ञता त्या हसण्यात असते. त्यांच्या पुस्तकात गोडगोड साक्ष शोधून सापडत नाही.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनातली प्रार्थना तर जगभर गाजली. दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावलेली, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, अशी ही बाई. तिला आभार मानायला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण 1897 च्या पुण्याच्या प्लेगमध्ये सरकारी इस्पितळात बायकांना कशी वागणूक मिळते, आपल्याकडच्या मुलीचं काय झालं, हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून जगापुढे मांडलं. सरकार चिडलं, गव्हर्नरने आरोप फेटाळले, प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत पोचलं. रमाबाईंनी शब्द मागे घेतले नाहीत. त्यांना कोणी सांगून बघायला हवं होतं की ताई, तक्रार करू नका, शांती जाईल.

मग विचारतील, आम्ही आभार मानायचेच नाहीत का? माना. भरपूर माना, मोठ्याने माना. फ्लॉवरला हजाराची बोली लावा. फक्त एवढं करा की ज्याला आज आभार सुचत नाहीत त्याला त्याच उपासनेत जागा ठेवा. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आभाराची एक ओळसुद्धा नाही. ज्यांनी शास्त्र जमवलं त्यांनी ते गाळलं नाही, आपण मात्र रविवारच्या वाचनातून ते हळूच वगळतो. कापणीच्या सणाला ते वाचून बघा. सण नासणार नाही. साक्षीच्या वेळेत, ज्याला अजून काही मिळालेलं नाही त्यालाही उठून 'अजून नाही मिळालं, आणि मी अजून मागतोय' एवढंच म्हणू द्या, आणि त्यावरही आमेन म्हणा. भाजी आणणाऱ्याचं, ऑक्सिजनच्या नळीशी रात्रभर बसलेल्या केरळच्या नर्सचं, देऊळ झाडणाऱ्या सफाई कामगाराचं नाव प्रार्थनेत घ्या, आणि त्याचा पगार वेळेवर होतो का हेही त्याच आठवड्यात बघा.

देशभरच्या मंडळ्यांसाठी नोव्हेंबरात दलित मुक्ती रविवार नेमलेला आहे. कॅथलिकांचा, प्रॉटेस्टंटांचा, दोघांचाही. पुष्कळ ठिकाणी तो नुसता कॅलेंडरात राहतो, कारण कापणीच्या सणाची लगबग असते आणि आनंदाच्या महिन्यात कटू विषय कशाला, असं कमिटीला वाटतं. यंदा कमिटीने दोन्ही एकाच रविवारी ठेवावेत, सकाळी लिलाव आणि त्यातल्याच पैशातून जंतरमंतरला जाणाऱ्या बसचं भाडं.